अहो, पाणी आलं का?

१

आमच्या घराचं पाणी सुरू करणं हे दोन माणसांचं काम आहे. हे मी म्हणत नाही, ह्यांनीच तसं लिहून ठेवलं आहे. स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून सेलोटेपने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर निळ्या शाईतलं पहिलंच वाक्य: 'हे काम दोन माणसांचे आहे. एकट्याने करू नये.' खाली चौदा कलमं. तीस वर्षं हॉस्पिटलच्या बॉयलरखान्यात इंजिनिअर म्हणून काढलेल्या माणसाला साधा नळ सोडायचा म्हटला तरी चौदा कलमं लागतात.

हे रिटायर झाल्यापासून दर डिसेंबरात आम्ही पुण्याला जायचो आणि मार्चमध्ये मँचेस्टरला परत यायचो. बंद घरातल्या पाइपांत पाणी गोठलं तर पाइप फुटतो, आणि तो फुटल्याचं कळतं थंडी सरल्यावर, छताचा तुकडा गालिच्यावर पडलेला दिसतो तेव्हा. म्हणून निघताना घरातलं सगळं पाणी काढून टाकायचं, नळ उघडे ठेवायचे आणि परत आल्यावर बेताबेताने भरायचं. त्यात मी खाली आणि हे वर. रस्त्यावरून घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य नळ सिंकखाली आहे, त्याला इथे स्टॉपकॉक म्हणतात. तो मी अर्धा आटा फिरवायचा आणि जिन्याकडे तोंड करून ओरडायचं, "अहो, आलं का?" वरून आधी खोकला, मग "आलं!" मग पुढचा अर्धा आटा. घाई केली तर भिंतीतले पाइप दणादण आपटतात. सगळ्या संसारात आमचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याही कामात झालं नाही.

ह्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या अकरा जानेवारीला, पुण्यात हे दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी चहा ठेवला होता. एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली ती चिडून मारली, आणि ते मला अजून लागतं.

तनू, आमची मुलगी, लंडनजवळ इल्फर्डला असते. तिचं म्हणणं, घर विकून टाक आणि माझ्याकडे ये. मी म्हटलं, आधी घर उघडून बघते, मग ठरवू. खरं सांगायचं तर मला घराचं काही पडलं नव्हतं. पुण्यात त्या दोन महिन्यांत ह्यांचा चेहरा फोटोत होता, चष्मा टेबलावर होता, पण आवाज माझ्या हातून निसटत चालला होता. रोज थोडा कमी आठवायचा. जिन्यावरून यायचा तो एक शब्द तेवढा शाबूत होता. मला त्या जिन्याखाली उभं राहायचं होतं, आणि तो आवाज जाण्याआधी उभं राहायचं होतं.

२

बुधवारी सकाळी अकराला टॅक्सीवाल्याने बॅगा दारात ठेवल्या. घराला बंद घराचा वास होता, फ्रिजचं दार टॉवेल अडकवून उघडं ठेवलं होतं तसंच होतं. कोट न काढताच मी कागद वाचायला घेतला. पहिलं वाक्य वाचलं आणि दुसऱ्यावर गेले. दुसरा माणूस कुठून आणू?

आधी वर गेले. बेसिनचा नळ उघडा, टबाचे दोन्ही उघडे, संडासची टाकी कोरडी. प्रत्येक नळाला मी हात लावून पाहिला. हे नंतर मी शंभर वेळा आठवून बघितलं आहे, आणि शंभर वेळा ते नळ उघडेच होते.

खाली येऊन गुडघे टेकले आणि अर्धा आटा फिरवला. सिंकखालचा पाइप हातात थरथरला. पाणी भिंतीतून चढत गेलं, आणि थोड्या वेळाने छपराखालच्या माळ्यावर टाकी भरायला लागल्याचा सूं सूं आवाज आला. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात, असं चौथं कलम सांगतं. मी घड्याळ लावून बसले. वर बाथरूममधला नळ ठसकला, थुंकला आणि मग वाहायला लागला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, आलं का?"

मी ठरवून म्हटलं नाही. सहा वर्षांची, दर मार्चची, तोंडाला सवय होती, तोंडाने आपलं काम केलं. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी तिथेच लाद्यांवर बसले आणि पुण्यात लोकांसमोर रडता आलं नव्हतं ते सगळं रडून घेतलं. कोटाच्या बाहीने नाक पुसताना लक्षात आलं की वरचं पाणी बारीक होतंय. धार, मग थेंब, मग काहीच नाही. त्यानंतर एक चर्र असा आवाज. जरा थांबून पुन्हा एक चर्र. नळ बंद झाल्यावरही कोणीतरी आवळत राहावं तसा.

जिना चढायला मला वेळ लागला. गुडघ्यांचं कारण आहेच. बाथरूममध्ये कोणी नव्हतं. खिडकीतून शेजारच्या बागेतला पिवळ्या फुलांचा वाफा दिसत होता, इतकं लख्ख ऊन होतं. बेसिनचा नळ बंद होता. मी तो फिरवून पाहिला, हलला नाही. टॉवेल गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला, तरी हलला नाही.

आता हे मला नीट सांगायला हवं. आमच्या घरात नळ कोणी असा आवळत नाही. हे दोन बोटांनी नळ बंद करायचे आणि मी जरा जास्त फिरवला की बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "अगं, वॉशर मरतो!" चौतीस वर्षं ऐकलं ते मी. दर आठवड्याला एक वॉशर माझ्या हातून मेला असता तर ह्यांनी कागदावर पंधरावं कलम घातलं असतं.

मी बेसिनच्या कडेवर बसून स्वतःची समजूत घातली. पाइपात हवा अडकली असेल. पण हवेने नळ फिरत नाही. मग मीच बंद केला असेल. साठी उलटली, रात्रभर विमानात बसून आले, पोटात अन्न नाही. बंद केला आणि विसरले. हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

३

दुसऱ्या दिवशी उदयला बोलावलं. उदय मूळचा पुण्याचा, इथे एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. मंडळाच्या गणपतीत ह्यांची त्याची ओळख झाली, आणि घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधली हवा कशी काढायची हे ह्यांनीच त्याला शिकवलं. लंच टाइममध्ये ट्रामने आला.

"काकू, एकट्या कशाला हे सगळं करत बसलात? मला एक टेक्स्ट टाकायचा ना."

"टाकला म्हणूनच आलास ना रे?"

"हो, म्हणजे, काल टाकायचा," म्हणत तो पाना घेऊन वर गेला. पाच मिनिटांनी हातात काळा चुरा घेऊन खाली आला. "हा कोणी टाइट केला, काकू? वॉशरचा पार भुगा झालाय. काका बघतील तर..." आणि जीभ चावली. मी त्याला नवा वॉशर काढून दिला. ह्यांच्या डब्यात सगळ्या मापांचे आहेत.

मग रेडिएटर. तो किल्ली घेऊन वर, मी खाली बॉयलरपाशी. रेडिएटरमधून आधी हवा फुसफुसते, मग पाणी येतं, आलं की किल्ली फिरवून बंद करायचं. मी बॉयलरच्या काट्यावर डोळा ठेवून होते. काटा सरकला तशी सवयीने हाक गेली, "अहो, आलं का?"

"आलं."

मी काही मनावर घेतलं नाही. वर उदय होता. काम संपवून तो हात पुसत खाली आला आणि सिंकपाशी उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, वर पाहुणे आहेत का?"

"का रे?"

"नाही, तुम्ही 'अहो' म्हणालात. मला थोडंच अहो म्हणाल? म्हणून मी गप्प राहिलो. मागच्या बेडरूममधून कोणीतरी उत्तर दिलं. दार लोटलेलं होतं, मी नॉक नाही केलं."

"रेडिओ असेल."

"मराठी रेडिओ? इथे?"

"कॅसेट रे, जुनी. लावून विसरले."

उदय हुशार मुलगा आहे. माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि चहा नको म्हणाला. मीटिंग होती म्हणे. दारात मात्र थांबला. "काकू, तनूकडे कधी जाताय?"

"बघू."

"लवकर बघा," तो म्हणाला.

त्याच्यामागे मी दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि लाज वाटावी इतका.

४

मागच्या खोलीत काही नव्हतं. पलंग, कपाट, ह्यांचं इस्त्रीचं टेबल. मी पलंगाखालीही पाहिलं. पलंगाशेजारी ह्यांच्या घरातल्या सपाता असायच्या, त्या तेवढ्या दिसल्या नाहीत, आणि खिडकीजवळचा गालिचा तळव्याएवढ्या दोन जागी ओला होता. रेडिएटर गळला असेल असं म्हणून मी त्यावर टॉवेल टाकला.

नियम मला दोन दिवसांत कळले. मी वर असले तर काही होत नाही. मी खाली असावं लागतं. नुसती हाक मारून भागत नाही, पाणी चढत असावं लागतं. आणि घर एकदा भरलं की भरलं, पुन्हा पाणी चढवायचं तर आधी घर रिकामं करावं लागतं. म्हणून मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला डिसेंबरची कलमं आहेत, घर रिकामं करायची. सकाळी नऊला मी स्टॉपकॉक बंद करून सगळं पाणी मोरीवाटे घालवायचे, वर जाऊन एकेक नळ उघडून यायचे, आणि अकराला पहिला अर्धा आटा फिरवायचे. रोज. घर रिकामं करायचं आणि घर भरायचं. कोणी बघितलं असतं तर म्हाताऱ्या बाईला वेड लागलं म्हटलं असतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

"अहो, आलं का?"

"आलं."

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

"आलं."

"पुण्यात त्या दिवशी दुखत होतं का काही? मला का नाही सांगितलंत?"

"आलं."

एवढा एकच शब्द, तोच सूर, तेवढीच लांबी. आधीचा खोकला नाही. मी मनाला सांगितलं, तिकडून इकडे एवढाच शब्द पोचत असेल, बाकीचे वाटेत राहत असतील. जे मिळालं त्यावर भागवायची सवय आहे मला. पण उत्तर झालं की वर नळ आवळल्याचा तो चर्र चर्र आवाज यायचा, एकापाठोपाठ एक, सगळे नळ. मी वर जायचे तेव्हा ते इतके घट्ट असायचे की शेवटी उदयचा विसरलेला पाना मी पदरात बांधल्यासारखा जवळ बाळगायला लागले. ह्यांच्या डब्यातले वॉशर संपत आले. हे मला खटकत होतं, आणि खटकतंय हे मी स्वतःला कळू देत नव्हते.

रविवारी तनूचा फोन आला.

"आई, तुझा व्हॉइस इतका हॅपी का आहे? आर यू ओके?"

"बरी आहे की. घर उघडतेय."

"स्टिल? इट्स बीन फाइव्ह डेज. बाबा एका सकाळमध्ये करायचा."

"करायचे म्हण. एकटीला वेळ लागतो, बाळा."

"दॅट्स व्हॉट आय मीन, आई. तू एकटी नाही राहू शकत तिकडे. मी पुढच्या शनिवारी फोन करते, मग डिसाइड करू, ओके? प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. मी एकटी नव्हते, हे तिला सांगावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं.

५

सोमवारी सकाळी मी बसमधून वॉशर आणायला गेले. पुढच्या सीटवरच्या एका भारतीय गृहस्थाची छत्री पडली आणि मी म्हणाले, "अहो, छत्री!" तो मराठी नव्हता, पण वळला. थँक यू म्हणाला.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. अहो हे काही नाव नव्हे. कोणालाही म्हणतात. वाण्याला, शेजाऱ्याला, छत्री पडलेल्या माणसाला. मी तीन महिने रिकाम्या पडलेल्या घरात ती हाक मारली होती, आणि ती कोणी घेतली ते मी बघितलं नव्हतं.

चौतीस वर्षांत मी ह्यांना नावाने हाक मारली नाही. इथल्या बायका मारतात, तनू तर तिच्या नवऱ्याला काय काय म्हणते. पण माझ्या सासूबाई म्हणायच्या, बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. आता कमी व्हायला काय उरलं होतं? नाव मी घ्यायचे ते उखाण्यातच. पंचवीसेक वर्षांपूर्वी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक रचला होता, तेव्हा हे पलीकडच्या खोलीत पुरुषांमध्ये बसले होते आणि त्यांचं हसणं इथवर ऐकू आलं होतं. तो उखाणा ऐकून हसणार नाहीत असं होणंच शक्य नव्हतं.

अकरा वाजता मी आटा फिरवला. पाणी चढलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीशी उभी राहिले, कठड्याला धरून, आणि हळदीकुंकवाच्या बायकांसमोर म्हणावा तसा मोठ्याने म्हटला:

"मँचेस्टरच्या थंडीत गोठून जातात नळ,
दीनानाथरावांचं नाव घेते, तेवढंच माझं बळ."

वर पाणी वाहत होतं. दुसरा आवाज नाही. मी थांबले. मग नुसतंच नाव घेतलं. राव न लावता. आयुष्यात पहिल्यांदा. "दीनानाथ." तोंडाला ते परकं लागलं. "दीनानाथ, तुम्ही आहात का?"

काही नाही. हाक आपल्याला नसली की माणूस जसा उत्तर देत नाही, तसं काही नाही.

मग मागच्या खोलीचं दार उघडलं. गालिच्यावर पावलं आली, ओली, एकेक. वरच्या लँडिंगवर कठड्याच्या गजांपाशी येऊन थांबली. भर दिवस होता, जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात मला दोन पाय दिसले. घोट्यापर्यंतच. त्याच्या वर मी पाहिलं नाही. मान वर करायची होती, झाली नाही.

पायांत ह्यांच्या सपाता होत्या. टाचा बाहेर आल्या होत्या, कपडे भिजत घातलेल्या हातांसारख्या पांढऱ्या आणि सुरकुतलेल्या, आणि त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं. मला आधी कळेना काय चुकलंय. मग कळलं. डावी सपात उजव्या पायात होती आणि उजवी डाव्या पायात. दोन्ही पाय जुळवून, तसेच, ते वाट बघत उभे होते.

मी घाबरले आणि घाबरलं की माणूस ज्याला हाक मारतो त्यालाच मी मारली. "अहो!"

"आलं," वरून लगेच उत्तर आलं. खूश होऊन.

६

स्वयंपाकघरात कशी आले आठवत नाही. सिंकखाली गुडघ्यांवर होते आणि हात स्टॉपकॉकवर होता. पाच आटे फिरवायचे, घराचं पाणी घालवायचं, पुढचं दार ओढून घ्यायचं आणि स्टेशनवर जाऊन इल्फर्डचं तिकीट काढायचं. पुन्हा ह्या घरात कोणी पाणी चढवलं नाही, कोणी हाक मारली नाही, की संपलं. माझ्या हातात होतं. मी काही खुळी नाही. मला सगळं कळत होतं. वर जे होतं ते हे नव्हते. ह्यांना आपलं नाव माहीत होतं, ह्यांना नळ बंद करता येत होता आणि ह्यांना सपाता घालता येत होत्या.

दोन आटे मी फिरवले. वरचं पाणी बारीक झालं. घर शांत व्हायला लागलं, आणि ती शांतता मी ओळखली. पुण्यात दुसऱ्या हाकेनंतर जी आली होती तीच. त्यानंतर चहा उकळून उकळून करपला होता, आणि मी ह्यांच्या खांद्याला हात लावला होता.

ती पुन्हा सोसायची माझी ताकद नव्हती. हे मी रंगवून सांगत नाही. नव्हती, एवढंच. ज्या बायकांची असते त्यांना माझा नमस्कार.

मी दोन आटे उलटे फिरवले. पाणी पुन्हा चढलं. मी जिन्याखाली गेले, वर न बघता, कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, सपाता उलट्या घातल्यात. उजवी उजव्यात घाला."

बराच वेळ खुडबुड होत राहिली. मग थांबली.

"झालं का?"

"आलं."

"आलं नाही. झालं म्हणायचं."

वर कोणीतरी विचार करत असल्यासारखी शांतता. मग पहिल्यांदाच दुसरा शब्द आला, चाचपडत. "झा...लं."

त्या आठवड्यात मी खूप काम केलं. खोकला शिकवायला दोन दिवस लागले. आधी खोकायचं, जरा थांबायचं, मग बोलायचं. मी खालून खोकून दाखवायचे, वरून तसंच यायचं. आधी माझ्याच आवाजात, मग जाड, मग बरोबर. हसणं अवघड गेलं. नळ दोन बोटांनी बंद करायचा हे शुक्रवारी जमलं. वर गेले तर नळ अलगद उघडला, वॉशर जिवंत. मी बाथरूममध्ये उभी राहून हसले आणि मागच्या खोलीतून हसणं आलं, थोडं उशिरा, पण आलं. मी वर असताना काही होत नाही हा नियमही मोडला होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

नाव मात्र मी शिकवलं नाही. ते एक ठेवलं. का, ते मला सांगता येणार नाही.

७

शनिवारी दुपारी तनूचा फोन आला. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. पोळ्या झाल्या होत्या, चार जास्तच झाल्या होत्या.

"आई, डिसाइड केलंस?"

"मी इथेच राहते, बाळा. जमतंय मला. तू उगाच येऊ नकोस इतक्या लांब."

 तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, मी तुला एक गोष्ट सांगितला नाही. माझ्या मोबाइलवर बाबाचा मेसेज आहे. डिसेंबरचा, एअरपोर्टवरून केलेला. मी डिलीट नाही केलं. आय लिसन टु इट एव्हरी नाइट. तुला ऐकवते, ओके? बाबाच सांगेल तुला काय करायचं."

"ऐकव," मी म्हणाले. सुरी खाली ठेवली.

तिने मोबाइल फोनला लावला. खरखर झाली, मागे विमानतळाची घोषणा, आणि एक माणूस बोलायला लागला. म्हातारा, जरासा बसका आवाज, शब्दांची घाई. तनू बाळा, आम्ही पोचलो हं. तुझ्या आईने पासपोर्ट तीनदा तपासले, चौथ्यांदा तपासतेय. तिला काही सांगायची सोय नाही. तू जेवत जा वेळेवर.

संपलं.

"कोण होतं हे?" मी विचारलं.

"व्हॉट डू यू मीन, कोण?"

"कोणाचा मेसेज आहे हा, तनू?"

"आई, स्टॉप इट. बाबा आहे तो. बाबा!"

"पुन्हा लाव."

तिने लावला. मी डोळे मिटून ऐकला. ओळखीचा एक काना सापडेल, एक वेलांटी सापडेल म्हणून ऐकला. तिसऱ्यांदा लावायला सांगितला तेव्हा ती रडत होती. माझ्या डोक्यावर, वरच्या खोलीत, कोणीतरी खोकलं आणि जरा थांबलं, आणि माझ्या छातीतून सुटकेचा श्वास गेला, कारण तो खोकला मी कुठेही ओळखला असता.

"आई, तिकडे कोण आहे?" तनू कुजबुजली. "आई?"

मी फोन कानाशी धरून उभी होते. त्या मेसेजमधला माणूस बायकोची थट्टा करत होता. तिच्यावर त्याचा फार जीव असावा. चांगला माणूस वाटला. मी त्याला कधी भेटले नव्हते.